जुन्या इलेक्ट्रॉनिक अल्बमचे रीमास्टर्ड बॉक्स सेट : घेण्याआधी आणि घेतल्यावर काय काय तपासायचं

जर्मन गट क्राफ्टवेर्कचा ‘आउटोबान’ १९७४चा, तिथल्याच टँजरीन ड्रीम या गटाचा ‘फेड्रा’ही त्याच वर्षीचा, फ्रेंच संगीतकार जाँ-मिशेल जारचा ‘ऑक्सिजेन’ १९७६चा. गेल्या पन्नास वर्षांत हे अल्बम एलपी, कॅसेट, सीडी, पुन्हा सीडी, पुन्हा एलपी आणि आता ब्लू-रे अशा कितीतरी रूपांत निघाले. हल्ली ते जाड पुठ्ठ्याच्या बॉक्समधून येतात, सोबत पुस्तक असतं, आणि भारतात पोचेपर्यंत किंमत सहज पाच आकड्यांत जाते. बॉक्सवर ‘रीमास्टर्ड’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. कुठल्या टेपवरून, कोणी आणि काय केलं, हे मात्र मागे बारीक टायपात असतं, किंवा नसतंच. पैसे मोजण्याआधी ते शोधून काढणं हेच यातलं खरं काम. बॉक्स कितीही देखणा असला, तरी ऐकायचं असतं ते आतलं मास्टर, म्हणजे ज्या अंतिम ध्वनिमुद्रणावरून डिस्क छापतात ते.

पायरी १ : हे मूळ ध्वनिमुद्रण आहे का, ते पाहा

चार गोष्टी सर्रास एकाच नावाखाली विकल्या जातात. रीइश्यू म्हणजे तेच जुनं मास्टर पुन्हा छापणं. रीमास्टर म्हणजे पूर्ण झालेली स्टिरिओ टेप नव्याने वाजवून, तिचा समतोल आणि पातळी नव्याने ठरवून, नवं मास्टर तयार करणं. रीमिक्स म्हणजे त्याच्याही मागे जाऊन मल्टिट्रॅक टेप उघडायची, प्रत्येक वाद्य वेगळं घ्यायचं आणि मिश्रण पुन्हा बांधायचं. आणि चौथा प्रकार म्हणजे तेच संगीत आज पुन्हा वाजवून रेकॉर्ड करणं. नवखा माणूस सगळ्यात जास्त फसतो तो या चौथ्या प्रकारात.

जारचा ‘ऑक्सिजेन’ घ्या. २००७ साली, तीस वर्षांच्या निमित्ताने, त्याने हा अल्बम त्याच जुन्या सिंथवर (सिंथेसायझरवर) नव्याने वाजवून रेकॉर्ड केला. मुखपृष्ठावर तीच कवटीवाली पृथ्वी आहे, रचना त्याच सहा आहेत आणि शीर्षकाखाली ‘न्यू मास्टर रेकॉर्डिंग’ असं लिहिलेलं आहे. काम चांगलं आहे, पण पॅरिसमधल्या घरात आठ ट्रॅकच्या स्कली मशीनवर झालेलं १९७६चं ध्वनिमुद्रण हे नव्हे. तुम्हाला तो जुना, थोडा धुकट, फेझरमध्ये (आवाज लाटेसारखा फिरवणाऱ्या उपकरणात) भिजलेला आवाज हवा असेल तर पाठीवर १९७६ हे साल आहे का ते पाहा. २००७चं साल दिसलं तर डिस्क परत ठेवा.

क्राफ्टवेर्कच्या बाबतीत हाच गोंधळ दोन बॉक्सच्या नावांमुळे होतो. २००९चा ‘द कॅटलॉग’ हा आठ स्टुडिओ अल्बमचा रीमास्टर्ड संच आहे. २०१७चा ‘थ्री-डी द कॅटलॉग’ म्हणजे त्याच आठ अल्बमचे मैफिलींतले प्रयोग. यालाच २०१८चं ग्रॅमी मिळालं, त्यामुळे नेटवर शोधताना तोच आधी समोर येतो. दोन्ही घेण्यासारखे आहेत, पण ‘ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस’ पहिल्यांदा ऐकणाऱ्याने सुरुवात स्टुडिओतल्या १९७७च्या ध्वनिमुद्रणानेच करावी.

तपासण्याची सोपी युक्ती म्हणजे प्रत्येक ट्रॅकची लांबी. मूळ एलपीवरची मिनिटं-सेकंदं डिस्कॉग्ज या अल्बमच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर मिळतात, ती नव्या बॉक्सच्या यादीशेजारी ठेवा. दोन-चार सेकंदांचा फरक टेपच्या वेगामुळे किंवा ट्रॅकमधल्या मोकळ्या जागेमुळे पडतो, तो सोडून द्या. वीस सेकंदांच्या वर फरक असेल तर कापाकापी झाली आहे किंवा वेगळं मिश्रण वापरलं आहे असं समजा. २००९च्या क्राफ्टवेर्क संचात १९८६च्या ‘इलेक्ट्रिक कॅफे’ला त्याचं आधीचं ठरलेलं नाव ‘टेक्नो पॉप’ परत मिळालं. त्याच वेळी ‘द टेलिफोन कॉल’ची आठ मिनिटांची अल्बम-आवृत्ती जाऊन तिथे छोटी आवृत्ती आली आणि ‘हाउस फोन’ हा तुकडा जोडला गेला. ज्याला आठ मिनिटांचा ‘टेलिफोन कॉल’ हवा आहे त्याला जुनी सीडी किंवा एलपीच शोधावी लागते.

पायरी २ : बॉक्समध्ये काय नाही, त्याची यादी करा

आत काय आहे ते जाहिरातीत असतंच. काय नाही, ते तुम्ही शोधायचं.

बहुतेक बॉक्स हे कलाकाराचे नसून करारांचे असतात. म्हणजे एका कंपनीकडे ज्या वर्षांचे हक्क आहेत तेवढेच अल्बम आत येतात. टँजरीन ड्रीमचा ‘इन सर्च ऑफ हेडीज’ हा २०१९चा १६ सीडी आणि २ ब्लू-रेचा संच व्हर्जिन कंपनीच्या १९७३ ते १९७९ या काळापुरता आहे. त्याआधी ओर या जर्मन लेबलवर निघालेले ‘आल्फा सेंटॉरी’, ‘झाइट’, ‘आटेम’ त्यात नाहीत. पुढची १९८० ते १९८३ची वर्षं ‘पायलट्स ऑफ पर्पल ट्वायलाइट’ या वेगळ्या १० सीडींच्या बॉक्समध्ये आहेत. ग्रीक संगीतकार व्हँगेलिसचा ‘डिलेक्टस’ (२०१७, १३ सीडी) असाच. त्यात ‘अर्थ’, ‘चायना’, ‘सॉइल फेस्टिव्हिटीज’ मिळतात, पण आरसीए या दुसऱ्या कंपनीकडून निघालेले ‘हेवन अँड हेल’, ‘अल्बिडो ०.३९’, ‘स्पायरल’ मिळत नाहीत. व्हँगेलिस ऐकायला लागणाऱ्या बहुतेकांना नेमके तेच हवे असतात.

क्राफ्टवेर्कचे पहिले तीन अल्बम (१९७०, १९७२, १९७३) खुद्द कलाकारांनीच बाजूला ठेवले आहेत. ते अधिकृतपणे सीडीवर आलेलेच नाहीत. त्यांच्या ज्या सीडी विकायला दिसतात त्या एलपीवरून उतरवलेल्या अनधिकृत प्रती आहेत. त्यावर पैसे घालू नका.

उलट बाजूचं उदाहरण जर्मन संगीतकार क्लाउस शुल्झेचं. २००० सालचा त्याचा ‘अल्टिमेट एडिशन’ तब्बल ५० सीडींचा आहे. एवढ्या मोठ्या बॉक्समध्ये सगळंच असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो संग्रहातल्या, पूर्वी अल्बमवर न आलेल्या सामग्रीचा खजिना आहे, आणि ‘टाइमविंड’सारखे ज्यांच्यामुळे शुल्झे ओळखला जातो ते अल्बम त्यात नाहीत. तीच सामग्री २००९पासून ‘ला व्ही इलेक्ट्रॉनिक’ या नावाने छोट्या संचांत, कालक्रमाने निघाली. नव्या श्रोत्याने या वाटेला आधी जाऊच नये. ‘टाइमविंड’ आणि ‘मिराज’ सुटे घ्या, सहा महिने ऐका, मग ठरवा.

आणि जिथे वाढीव सामग्री खरोखर उपयोगाची आहे तिथे कंजुषी करू नका. ब्रिटिश संगीतकार एफेक्स ट्विनच्या १९९४च्या ‘सिलेक्टेड अँबियंट वर्क्स व्हॉल्यूम टू’मधली एकोणिसावी रचना एलपीवर होती, सीडीवर नव्हती. २०२४च्या विस्तारित आवृत्तीत ती परत आली आहे. सीडीवाल्यांना हा अल्बम तीस वर्षांत पहिल्यांदा पुरा मिळाला.

पायरी ३ : टेपचा माग काढा

पुस्तिकेत किंवा कंपनीच्या घोषणेत तीन गोष्टी शोधा : कुठली टेप वापरली, मास्टरिंग कोणी केलं आणि कुठल्या वर्षी. नाव आणि वर्ष दोन्ही असतील तर विश्वास ठेवायला जागा आहे. ब्रायन ईनोच्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’च्या २०१८च्या एलपीवर अॅबी रोड स्टुडिओच्या माइल्स शोवेल याचं नाव आणि हाफ-स्पीड मास्टरिंगचा (ते काय, हे पायरी ५मध्ये) उल्लेख आहे. यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या जपानी गटाच्या २०१८-१९च्या आवृत्त्यांवर बॉब लडविगचं नाव आहे. नुसतं ‘डिजिटली रीमास्टर्ड’ एवढंच छापलेलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या सीडीसुद्धा डिजिटलीच मास्टर होत होत्या.

टेपची पिढी महत्त्वाची असते. स्टुडिओत मिश्रण ज्या पाव इंची टेपवर उतरलं ती पहिली पिढी. तिची नक्कल करून दुसऱ्या देशातल्या कंपनीला पाठवली ती दुसरी. एलपी कापण्यासाठी बेस आवरून आणि ट्रेबल दाबून जी प्रत बनवली ती कटिंग मास्टर. ऐंशीच्या दशकातल्या कित्येक सीडी या कटिंग मास्टरवरूनच झाल्या, म्हणून त्या पातळ वाजतात. नवं रीमास्टर पहिल्या पिढीच्या टेपवरून असेल तर फरक पहिल्या मिनिटात कळतो : सिक्वेन्सरच्या (ठरवलेले स्वर आपोआप वाजवणाऱ्या यंत्राच्या) प्रत्येक ठोक्याला कड येते आणि खालचा बेस एकसंध न वाजता त्यातले स्वर वेगळे ऐकू येतात.

जुन्या टेपचे आजारही माहीत असू द्या. सत्तरच्या मध्यापासून ऐंशीच्या दशकापर्यंतच्या काही टेपवरचा चिकट थर हवेतली आर्द्रता शोषून घेतो आणि टेप मशीनच्या हेडला चिकटायला लागते. अशी टेप साधारण ५०-५५ अंश सेल्सिअसवर कित्येक तास भाजून मगच वाजवतात. डॉल्बी-ए ही टेपची सळसळ (हिस) कमी करणारी पद्धत वापरून रेकॉर्ड केलेली टेप त्या डीकोडरशिवाय वाजवली तर वरचे स्वर किरकिरे आणि हिस जास्त. हेडचा कोन जुळला नाही तर वरचे स्वर बोथट होतात आणि स्टिरिओ धूसर होतं. यातलं काहीही झालेलं असेल तर नंतर इक्वलायझर कितीही फिरवला तरी ते पुरतं दुरुस्त होत नाही.

हिसचं वेगळं सांगायला हवं, कारण या संगीतात शांत जागा फार. हिस काढण्याच्या सॉफ्टवेअरचा अतिरेक झाला की मेलोट्रॉनच्या (टेपवरचे सूर वाजवणाऱ्या कीबोर्डच्या) शेवटाची शेपटी तुटते, रिव्हर्ब (घुमारा) मधेच विरतो आणि गोंगाट जाऊन एक पाण्याखालची गुळगुळीत शांतता येते. थोडी हिस असलेलं रीमास्टर चांगलं. ‘फेड्रा’च्या शीर्षक-रचनेत मूग सिंथचे ऑसिलेटर (स्वर निर्माण करणारे भाग) तापत जातात तसा स्वर हळूहळू सरकतो आणि सिक्वेन्स सुरातून उतरत जातो. १९७३ साली इंग्लंडमधल्या मॅनर स्टुडिओत ते तसंच रेकॉर्ड झालं आणि ठेवलं गेलं. तो दोष नाही, तुमची सीडीही बिघडलेली नाही. कुठल्याही प्रामाणिक आवृत्तीत ते तसंच राहायला हवं.

पायरी ४ : आवाज मोठा केलाय का, ते मोजा

नव्वदच्या मध्यानंतर बऱ्याच रीमास्टरमध्ये एकच गोष्ट केलेली दिसते : लिमिटर (आवाजाची शिखरं दाबणारं साधन) लावून सगळं वर चढवायचं. मोठा आवाज पहिल्या ऐकण्यात नेहमीच चांगला वाटतो, कारण कानाला बेस आणि ट्रेबल दोन्ही जास्त जाणवतात. वीस मिनिटांनी डोकं दुखतं. इलेक्ट्रॉनिक संगीताला याचा फटका जास्त बसतो. लिमिटर प्रत्येक किक ड्रमच्या ठोक्याला बाकी सगळं क्षणभर खाली दाबतो, आणि मागचा पॅड (सिंथचा लांब धरलेला स्वर) जो सलग तरंगायला हवा तो धापा टाकायला लागतो. हे एकदा ओळखता आलं की मग प्रत्येक वेळी ऐकू येतं.

मोजायला फूबार२००० हे फुकट सॉफ्टवेअर आणि त्याचं डायनॅमिक रेंज मीटर पुरेसं आहे. ते प्रत्येक ट्रॅकला, त्यातल्या शिखरांत आणि सरासरी पातळीत किती अंतर आहे याचा, एक आकडा देतं. या जातीच्या संगीताला १२ ते १४ म्हणजे श्वास घ्यायला भरपूर जागा, १० ठीक, ७-८ म्हणजे बरंच दाबलेलं. बहुतेक प्रसिद्ध अल्बमचे आकडे लोकांनी आधीच मोजून नेटवर ठेवलेले आहेत, म्हणून विकत घेण्याआधीच अंदाज येतो. दोन सावधगिऱ्या. एलपीवरून उतरवलेल्या फाइलचा आकडा सीडीपेक्षा वर दिसतो, मास्टर तेच असलं तरी, कारण सुई आणि खाचा यांच्यामुळे लाटांची शिखरं हलतात. त्यामुळे एलपीचा १२ आणि सीडीचा ९ यांची तुलना करू नका. आणि आकडा चांगला म्हणजे आवाज चांगला असंही नसतं. १४ आकड्याची कटिंग मास्टरवरून झालेली पातळ सीडी असते आणि १० आकड्याचं भरदार रीमास्टरही असतं.

पायरी ५ : फॉरमॅट ठरवा

नव्याने सुरुवात करणाऱ्याला आमचा सल्ला सरळ आहे : सीडी. एलपीचा मोह सुटत नसेल तर एका बाजूची लांबी बघून ठरवा. ३३⅓ वेगाच्या एका बाजूवर १८-२० मिनिटांपर्यंत खाचा ऐसपैस बसतात. त्यापुढे त्या दाटीने कापाव्या लागतात, म्हणून पातळी खाली आणावी लागते आणि शांत जागी पृष्ठभागाची खरखर वर येते. ‘आउटोबान’ची शीर्षक-रचना जवळजवळ २३ मिनिटं एकाच बाजूवर आहे. लांब, शांत, हळू उमलणाऱ्या संगीताला डिजिटल डिस्क जास्त न्याय देते. छोट्या, ठेक्याच्या रचना एलपीवर छान वाजतात. क्राफ्टवेर्कची ‘द मॅन-मशीन’ एलपीवर घेतलीत तर पस्तावणार नाही.

हाफ-स्पीड म्हणजे लाकरवर (एलपीच्या साच्यासाठीच्या मूळ तबकडीवर) खाच कापणारं मशीन आणि मास्टर दोन्ही अर्ध्या वेगाने फिरवणं. कापणाऱ्या हेडला दुप्पट वेळ मिळतो, म्हणून हाय-हॅटसारखे वरचे स्वर स्वच्छ कापले जातात. पण मुळात टेप वाईट असेल तर अर्ध्या वेगाने कापूनही ती वाईटच राहते.

ब्लू-रे घेताना आपल्याकडचं सामान आधी बघा. ५.१ किंवा अॅटमॉस, म्हणजे सभोवारच्या स्पीकरसाठीचं मिश्रण, ऐकायला ब्लू-रे प्लेअर, एचडीएमआय असलेला एव्ही रिसीव्हर आणि निदान पाच स्पीकर व सबवूफर लागतात. ‘फेड्रा’ आणि टँजरीन ड्रीमच्याच ‘रिकोशे’ची स्टीव्हन विल्सनने केलेली ५.१ मिश्रणं ऐकायची तर एवढी तयारी हवीच. ‘आउटोबान’चं २०२५ साली ब्लू-रेवर आलेलं अॅटमॉस मिश्रणही तसंच. दोनच स्पीकर असतील तर निव्वळ ब्लू-रेसाठी जास्त पैसे देऊ नका.

‘हाय-रेझोल्यूशन’च्या बाबतीत उगम पाहा. सत्तरच्या दशकातली अॅनलॉग टेप २४ बिटमध्ये उतरवण्याला अर्थ आहे. नव्वदच्या दशकातले पुष्कळ टेक्नो आणि अँबियंट अल्बम १६ बिटच्या डॅटवरच (डिजिटल ऑडिओ टेपवरच) संपले. त्यांच्या २४ बिटच्या फाइलमध्ये भरायला वरची माहितीच नाही. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या उंचीचे स्वर किती आहेत याचं चित्र) उघडा. २२ किलोहर्ट्‌झच्या वर सगळं काळं असेल तर फाइल नुसती फुगवलेली आहे. आणि सीडीवरच्या एखाद्या ‘दुर्मीळ’ बोनस ट्रॅकला १६ किलोहर्ट्‌झवर पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ दिसली तर तो एमपीथ्रीवरून घेतलेला आहे.

पायरी ६ : मागवणं

मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं. तेव्हापासून असे बॉक्स हातात घेऊन, मागची बारीक अक्षरं वाचून घेण्याची सोय आपल्याकडे कमीच उरली आहे. बहुतेक वेळा ब्रिटन, जर्मनी किंवा जपानमधून मागवावं लागतं. दुकानातल्या किमतीत टपालखर्च, सीमाशुल्क, जीएसटी आणि कुरिअरचा हाताळणी आकार मिळवा, मग भारतातल्या विक्रेत्याच्या किमतीशी तुलना करा. कुरिअर कंपन्या आयातीसाठी केवायसी मागतात. ती कागदपत्रं वेळेत दिली नाहीत तर पार्सल अडकून पडतं आणि काही वेळा परतही जातं. एलपीचा बॉक्स जड असतो, त्याचा टपालखर्च कधी कधी डिस्कच्या किमतीच्या बरोबरीला येतो. परदेशातून कोणी येणार असेल तर सीडी बॉक्स आणायला सांगा, एलपी बॉक्सचं ओझं कोणावर टाकू नका.

फसव्या प्रती ओळखायला सीडीच्या खालच्या बाजूला, मधल्या भोकाभोवती पाहा. १९९४च्या सुमारानंतरच्या बहुतेक अधिकृत सीडींवर तिथे आयएफपीआय अशी अक्षरं आणि पुढे कोड कोरलेला असतो. तो नाही, छपाई धूसर आहे आणि किंमत निम्म्याहून कमी आहे, असे तीन योग जुळून आले तर ती प्रत नकली समजा.

पायरी ७ : बॉक्स आला की पहिल्या आठवड्यात

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. परतीच्या वेळी विक्रेता तेच मागतो. डिस्क मोजा, यादीशी ताडा. एकच डिस्क दोनदा आणि दुसरी गायब, असं मोठ्या बॉक्समध्ये होतं. लेबल बरोबर पण आतला आवाज दुसऱ्याच डिस्कचा, असंही होतं. म्हणून प्रत्येक सीडीचा पहिला आणि शेवटचा ट्रॅक तरी लगेच वाजवून बघा. पुठ्ठ्याच्या घट्ट पाकिटातून सीडी ओढून काढू नका. पाकीट दोन्ही कडांनी हलकं दाबून त्याचं तोंड उघडा आणि डिस्क हातावर घसरू द्या. गोंदाचा डाग लागला असेल तर मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही.

एलपीची तपासणी कानाने होते. ३३⅓ वेगाने एक फेरा १.८ सेकंदांचा. टिक-टिक दर १.८ सेकंदांनी येत असेल तर ती खाचेतली आहे, धुळीची नाही. भोक मध्यावर नसलेली एलपी गिटार किंवा ड्रममध्ये पटकन कळत नाही, पण सिंथच्या लांब, स्थिर स्वरात लगेच उघडी पडते. स्वर त्याच १.८ सेकंदांच्या चालीने वर-खाली डुलतो. खात्री करायची तर शेवटच्या मोकळ्या खाचेत सुई असताना टोनआर्मकडे बघा. तो आत-बाहेर झुलत असेल तर एलपी परत करा. फक्त ‘फेड्रा’च्या सुरुवातीच्या सरकत्या स्वरावरून हा निष्कर्ष काढू नका.

पायरी ८ : सगळ्या सीडी संगणकावर उतरवून घ्या

हे काम परतीची मुदत संपायच्या आत करा, कारण डिस्कची खरी परीक्षा यातच होते. विंडोजवर एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर घ्या. सुरुवातीला एखादी जुनी, लोकप्रिय सीडी घालून अॅक्युरेटरिपला (इतरांनी उतरवलेल्या प्रतींशी ताडून बघणाऱ्या सोयीला) ड्राइव्हचा ऑफसेट (वाचनातली ठरावीक सरक) ठरवू द्या. मोड सिक्युअर ठेवा, ‘टेस्ट अँड कॉपी’ निवडा, फाइल फ्लॅकमध्ये (काहीही न गाळता आकार कमी करणाऱ्या प्रकारात) घ्या आणि लॉग जपून ठेवा. प्रत्येक ट्रॅकचे दोन सीआरसी (पडताळणीचे) आकडे जुळले आणि अॅक्युरेटरिपनेही दुजोरा दिला तर डिस्क निर्दोष. नव्या बॉक्सची नोंद तिथे पहिल्या काही दिवसांत नसते, तेव्हा सीआरसी जुळणं पुरेसं. एका सीडीला साधारण ३००-४०० एमबी लागतात, म्हणजे सोळा सीडींचा बॉक्स ५-६ जीबीत बसतो.

एमपीथ्री टाळा. एकमेकींत मिसळत जाणाऱ्या सलग रचनांत ट्रॅक बदलताना बारीकसा खंड पडतो आणि सगळी लय मोडते. फ्लॅकमध्ये तो पडत नाही. टॅगिंगला (फाइलना नावं-वर्षं लावायला) म्युझिकब्रेन्झ पिकार्ड वापरा, पण त्याने सुचवलेली आवृत्ती डोळे झाकून स्वीकारू नका. १९९५ची आणि २०१९ची ‘फेड्रा’ त्याला सारखीच दिसते. अल्बमच्या नावापुढे रीमास्टरचं वर्ष आणि डिस्क क्रमांक स्वतः घाला.

जुनी सीडी उतरवताना एक मेख लक्षात ठेवा. ऐंशीच्या सुरुवातीच्या काही सीडी, विशेषतः जपानमध्ये छापलेल्या, प्री-एम्फसिससह (म्हणजे वरचे स्वर मुद्दाम वाढवून) छापलेल्या आहेत. सीडी प्लेअर तो आपोआप काढून टाकतो, संगणक काढत नाही, म्हणून फाइल टोचरी वाजते आणि नवं रीमास्टर उगीचच मऊ वाटतं. सॉक्स या सॉफ्टवेअरमधला डीएम्फ हा पर्याय लावून मगच तुलना करा.

पायरी ९ : तुलना

दोन्ही आवृत्त्यांच्या फाइल फूबारमध्ये घ्या, रीप्लेगेन (पातळी जुळवणारी सोय) अल्बम-मोडमध्ये लावा म्हणजे पातळी सारखी होते. ट्रॅक-मोड नको, त्याने अल्बममधले शांत तुकडेही वर चढतात. मग एबीएक्स तुलनेत, म्हणजे कुठली आवृत्ती वाजते आहे हे न कळू देणाऱ्या चाचणीत, १६ वेळा ऐका. १२ किंवा जास्त वेळा बरोबर ओळखलंत तर फरक खरा आहे. आठ-नऊच्या आसपास राहिलात तर तो फरक मनातला आहे, आणि जुनी सीडी तुम्हाला पुरेशी आहे. चांगले हेडफोन घ्या, शांत वेळ निवडा आणि एका वेळी तीस सेकंदांचा एकच तुकडा धरा : ‘द मॅन-मशीन’मध्ये ‘निऑन लाइट्स’चा शेवटचा लांब भाग, ‘ऑक्सिजेन’मध्ये चौथ्या भागाची सुरुवात. बेस, हिस आणि रिव्हर्बची शेपटी या तिन्ही गोष्टी तिथे एकाच वेळी तपासता येतात.

कुठून सुरुवात करावी

एकच बॉक्स घ्यायचा तर ‘द कॅटलॉग’. आठ अल्बम, क्रमाने, आणि प्रत्येकाला मोठ्या आकाराची पुस्तिका. तो जर्मन आणि इंग्रजी अशा दोन भाषांत आहे. मिळाला तर जर्मन घ्या. शब्द थोडेच आहेत आणि ते त्या ठेक्यावर जर्मनमध्ये जास्त घट्ट बसतात. लांब, शब्दहीन संगीताची ओढ असेल तर ‘इन सर्च ऑफ हेडीज’, पण त्याआधी टँजरीन ड्रीमच्याच ‘रुबिकॉन’ची सुटी सीडी.

आणि मुंबईत तयार झालेली एक गोष्ट या यादीत हवीच. चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँडच्या ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ यांवर दहा राग डिस्को ठेक्यात वाजवले. एचएमव्हीची ती एलपी तेव्हा फारशी खपली नाही. २०१० साली बॉम्बे कनेक्शन या डच लेबलने ती पुन्हा काढली आणि जगभरच्या लोकांना कळलं की अॅसिड हाउस या शिकागोत जन्मलेल्या नृत्यसंगीतासारखा आवाज शिकागोच्या आधी इथे रेकॉर्ड झाला होता. हा बॉक्स नाही, एकच अल्बम आहे. पण पुनर्प्रकाशनाने काय साधतं याचं याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही, आणि भैरव, ललत, यमन ओळखणाऱ्या कानाला या संगीतात शिरायला ही सगळ्यात जवळची वाट आहे.

ठेवायचं कसं

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर बॉक्सचा खरा शत्रू बुरशी. डिस्क टिकते, पुस्तक आणि पुठ्ठा जातो. बॉक्स बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. आत सिलिका जेलची पाकिटं ठेवा आणि रंग बदलला की ती गरम करून पुन्हा वापरा. छोटा आर्द्रतामापक ठेवलात तर ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहायचा प्रयत्न करा. एलपी उभ्याच ठेवा, बाहेरचं घट्ट प्लास्टिक काढून, नाहीतर ते आक्रसून कड वाकवतं. मऊ पीव्हीसीची पाकिटं नकोत, त्यातला प्लास्टिसायझर महिनोन्‌महिने डिस्कला लागून राहिला की धुरकट डाग पडतो.

जुना, नव्वदच्या दशकातला बॉक्स कुणाकडून घेतला असेल तर आधी त्यातला स्पंज काढून टाका. तो काही वर्षांनी चिकट होऊन सीडीला धरतो आणि खालच्या थरापर्यंत इजा करतो. त्याच काळातल्या, इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात छापलेल्या सीडी असतील तर कडेने तांबूस छटा दिसते का ते उजेडात बघा. दिसली तर त्या दिवशीच फाइल उतरवून घ्या, कारण ती छटा आत सरकत जाते आणि शेवटचे ट्रॅक आधी जातात.